चाच्यांची इंग्रजी जगाला देणारा आजारी माणूस : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन

एक पाय नसलेला खलाशी, त्याच्या खांद्यावर पोपट, हातात जुना नकाशा आणि नकाशावर लाल फुली. हे चित्र कुठल्याही पोराला दाखवा, मग ते बेळगावचं असो, मडगावचं असो की बडोद्याचं, ते लगेच ‘पायरेट’ म्हणून ओरडेल. पण हे चित्र आलं कुठून? आलं एका पुस्तकातून. ‘ट्रेझर आयलंड’ त्याचं नाव. कार्टून, सिनेमे, मालिका, कॉम्प्युटर गेम यांतल्या बहुतेक चाच्यांचं मूळ या एकाच पुस्तकात सापडतं. ते लिहिणारा माणूस जन्मभर खोकत, रक्त ओकत, अंथरुणाला खिळून जगला आणि अवघ्या ४४ व्या वर्षी गेला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ही गोष्ट.

सीमाभागातल्या आपल्या घरांमध्ये पोरांच्या इंग्रजीची चिंता रोजचीच आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, कोंकणी नाहीतर हिंदी, आणि शाळेत इंग्रजी. शब्दार्थांच्या वह्या भरतात, स्पेलिंग पाठ होतात, पण चारचौघांत दोन वाक्यं बोलायची वेळ आली की तोंड बंद. स्टीव्हन्सनचं चरित्र अशा घरांनी मुद्दाम वाचावं. शब्द माणसाच्या अंगात कसे मुरतात, हे त्याच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं.

दीपगृहांचं घराणं

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात झाला. घराणं इंजिनिअरांचं, आणि तेही दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरांचं. आजोबा रॉबर्ट यांनी भर समुद्रातल्या बेल रॉक या खडकावर दीपगृह उभं केलं. भरतीच्या वेळी तो खडक पाण्याखाली जायचा. त्यावरचा दिवा १८११ मध्ये पेटला. वडील थॉमस हेही दीपगृहांचेच इंजिनिअर. हवामान खात्याच्या केंद्रात पांढऱ्या रंगाची, फटीफटींची एक लाकडी पेटी उंच पायांवर उभी असते, बघितली असेल. आत तापमापक ठेवतात. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती पेटी या थॉमस स्टीव्हन्सन यांनीच तयार केली. म्हणजे मुलाचं पुस्तक आपल्याकडे पोचलं तशी बापाची पेटीही पोचली.

एकुलता एक मुलगा मात्र जन्मापासून नाजूक. छातीचं दुखणं, ताप, रात्र रात्र खोकला. शाळा सारखी बुडायची. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट वाचताही येत नव्हतं. पण त्याची दाई ॲलिसन कनिंगहॅम उशाशी बसून बायबलातल्या आणि स्कॉटलंडच्या धर्मयुद्धातल्या गोष्टी सांगायची, वाचून दाखवायची. पोरगं ऐकायचं आणि त्याच थाटात स्वतःच्या गोष्टी रचायचं. सहा वर्षांचा असताना त्याने मोझेसची गोष्ट तोंडी सांगितली आणि आईने ती उतरवून घेतली. काकांनी ठेवलेलं बक्षीसही मिळालं. लिहिता-वाचता येण्याआधी हा मुलगा लेखक झाला होता. आधी कान तयार झाले, मग जीभ, आणि हात सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना जवळची वाटेल. त्याच्या भोवतालची बोली होती स्कॉट्स. पुस्तकातली इंग्रजी वेगळी. दाईच्या तोंडची भाषा आणि शाळेतल्या मास्तरांची भाषा यांत अंतर होतं. स्टीव्हन्सनने दोन्ही सांभाळल्या. इंग्रजीत नाव कमावलं, पण स्कॉट्स बोलीत कविताही लिहिल्या आणि कथांमधल्या माणसांच्या तोंडी ती बोली ठेवली. इंग्रजी चांगली यायची असेल तर घरची भाषा टाकावी लागते, असं त्याला कधी वाटलं नाही.

दोन पुस्तकं खिशात

१८६७ मध्ये तो एडिंबरो विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेला. घराण्याची रीतच होती ती. बुद्धी नव्हती असं नाही. दीपगृहाच्या दिव्याबद्दल त्याने १८७१ मध्ये एक निबंध लिहिला आणि त्याला रौप्यपदकही मिळालं. पण त्याच वर्षी त्याने वडिलांना सांगून टाकलं की मला इंजिनिअर व्हायचं नाही, लेखक व्हायचंय. तीन पिढ्यांचा धंदा मोडणार म्हणून वडिलांच्या जिवाला लागलं. शेवटी तडजोड झाली: निदान वकील तरी हो. १८७५ मध्ये तो वकील झाला खरा, पण वकिली अशी केलीच नाही.

त्याचा खरा अभ्यास वेगळाच चालला होता. फिरायला जाताना तो दोन पुस्तकं जवळ ठेवायचा. एक वाचायला, दुसरं कोरं, लिहायला. हॅझलिट, लँब, डेफो अशा लेखकांचा एखादा उतारा आवडला की तो तसाच्या तसा बाज पकडून स्वतः काहीतरी लिहून बघायचा. जमायचं नाही. पुन्हा लिहायचा. पुन्हा फसायचा. पण या फसण्यातून वाक्याचा ताल, शब्दांची जागा, परिच्छेदाची बांधणी हाताला कळत गेली. हे त्याने पुढे मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. अशी नक्कल करण्यात त्याला लाज वाटली नाही, उलट लिहायला शिकण्याची वाट हीच, असं त्याचं मत होतं. आपल्याकडे गवयाचा शिष्य गुरूची तान आधी जशीच्या तशी गळ्यात बसवतो, तसाच हा प्रकार.

लग्न आणि बापाची तार

१८७६ मध्ये फ्रान्समधल्या ग्रे या खेड्यात त्याला फॅनी ऑसबोर्न भेटली. अमेरिकन, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, दोन मुलांची आई. ती अमेरिकेला परतली. १८७९ मध्ये तिच्यासाठी स्टीव्हन्सन घरी न सांगता जहाजात बसला. अटलांटिक ओलांडून, मग रेल्वेने सगळी अमेरिका पार करून कॅलिफोर्नियाला पोचेपर्यंत तो मरायला टेकला होता. पैसे संपले, दुखणं बळावलं. फॅनीचा घटस्फोट झाल्यावर मे १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोघांनी लग्न केलं.

धर्मावरून, धंद्यावरून, आणि आता या लग्नावरून बाप-लेकात चांगलंच फाटलेलं. पण मुलगा परदेशात मरणाच्या दारात आहे हे कळल्यावर थॉमस स्टीव्हन्सन यांनी तार केली: वर्षाला २५० पौंड मिळतील असं धरून चाल. त्याच उन्हाळ्यात मुलगा, सून आणि सुनेचा मुलगा लॉइड स्कॉटलंडला आले. दुरावा पुरता मिटला तो मात्र पुढच्या वर्षी, एका चाच्यांच्या गोष्टीने.

ब्रेमारचा पाऊस

१८८१ चा उन्हाळा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या ब्रेमार गावात सगळं कुटुंब राहायला गेलेलं. पाऊस थांबायचं नाव घेईना. तेरा वर्षांचा लॉइड घरात कंटाळलेला, रंग आणि ब्रश घेऊन चित्रं काढत बसायचा. स्टीव्हन्सनही त्याच्याबरोबर बसायचा. असाच एक दिवस एका बेटाचा नकाशा तयार झाला. खाड्या, टेकड्या, बंदरं. नकाशा बघता बघता स्टीव्हन्सनला झाडीतून माणसं हलताना दिसायला लागली. कागद घेतला आणि प्रकरणांची यादी करून टाकली.

रोज एक प्रकरण लिहायचं आणि जेवणानंतर घरच्यांना वाचून दाखवायचं, असा क्रम पंधरा दिवस चालला. श्रोता ठरलेला होता तो लॉइड. पण त्याहून जास्त रंगून गेले ते वडील! मोठा इंजिनिअर, वय साठीच्या पुढे, आणि बसून राहायचा पुढचं प्रकरण ऐकायला. मेलेल्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडलं असेल, याची यादी करायला थॉमस यांनी अख्खा दिवस घालवला आणि मुलाने ती यादी जवळजवळ तशीच पुस्तकात घेतली. फ्लिंटच्या जुन्या जहाजाला ‘वॉलरस’ हे नावही त्यांनीच सुचवलं. मुलगा लेखक झाला म्हणून खंतावणारा बाप मुलाच्या पुस्तकात हात घालून बसला होता.

पंधरा प्रकरणांनंतर गाडी अडली. काही केल्या पुढे सुचेना. थंडीत प्रकृतीसाठी तो स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला गेला आणि तिथे पुन्हा रोज एक प्रकरण या वेगाने गोष्ट संपवली. ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात ऑक्टोबर १८८१ ते जानेवारी १८८२ ती क्रमशः छापून आली. लेखकाचं नाव खोटं, कॅप्टन जॉर्ज नॉर्थ. तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. १८८३ च्या नोव्हेंबरात कॅसल या प्रकाशकाने पुस्तक काढलं, त्याचे शंभर पौंड ठरले, आणि मग मात्र पुस्तक सुटलंच.

मधल्या काळात एक घोळ झाला. मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना हरवला. आता पुस्तकातल्या सगळ्या दिशा, अंतरं मोजून नवा नकाशा उलटा बसवावा लागला. तो वडिलांच्या कचेरीत तयार झाला, आणि कॅप्टन फ्लिंटची सही खुद्द थॉमस यांनी ठोकली. दीपगृहांचे नकाशे काढणाऱ्या हाताने चाच्याची खोटी सही केली.

एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हरही घरचाच म्हणायचा. स्टीव्हन्सनचा दोस्त, कवी विल्यम हेन्ली याचा एक पाय हाडाच्या क्षयामुळे कापावा लागला होता. कुबडीवर चालणारा, पण घर दणाणून सोडणारा माणूस. त्याच्यावरून सिल्व्हर सुचला हे स्टीव्हन्सनने त्याला पत्रातून कळवलं.

पुस्तकात गोवा आहे

आता आपल्या लोकांसाठी खास गोष्ट. सिल्व्हरचा पोपट कुठे कुठे फिरलाय, हे तो जिम हॉकिन्सला सांगतो तेव्हा त्या यादीत मलबार आहे, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयच्या जहाजावर चाचे चढले तेव्हा हा पोपट तिथे हजर होता, असंही सिल्व्हर सांगतो. ही नुसती थाप नाही. १७२१ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचा कारभार संपवून परत निघालेल्या व्हाइसरॉयचं जहाज वादळाने मोडून आजच्या रियुनियन बेटाशी उभं होतं. ऑलिव्हिए लव्हासर आणि जॉन टेलर या चाच्यांनी ते लुटलं. चाच्यांवरचं १७२४ चं कॅप्टन जॉन्सनचं जाडजूड पुस्तक स्टीव्हन्सनजवळ होतं आणि त्यातून आपण माल उचलला हे त्याने कबूल केलं आहे.

पुस्तकातल्या नकाशावर कॅप्टन किडचंही नाव येतं. हा विल्यम किड १६९७ मध्ये कारवारच्या बंदरात येऊन गेला होता, पाणी-लाकूड भरायला. तिथे इंग्रजांची वखार होती. नंतर गोव्याहून पोर्तुगीजांनी त्याच्यामागे दोन जहाजं सोडली आणि चकमक झाली. १७०१ मध्ये लंडनला त्याला फाशी दिली. म्हणजे कारवार-गोव्याच्या माणसाला ही गोष्ट वाटते तेवढी परकी नाही.

शेवटच्या प्रकरणात जिम खजिन्यातली नाणी निवडतो. त्यात डबलून आहेत स्पेनचे, आणि मोइडोर आहेत पोर्तुगालचे. मोइडोर म्हणजे पोर्तुगीजमधलं ‘सोन्याचं नाणं’, इंग्रजांच्या तोंडी बसलेलं. पोपट सारखा ज्याचा जप करतो तो ‘पीस ऑफ एट’ म्हणजे आठ रियालांचं स्पॅनिश रुप्याचं नाणं.

आणि ‘पायरेट’ हा शब्दसुद्धा जपून वापरायचा. इंग्रज आपल्या कागदांत कान्होजी आंग्र्यांनाही पायरेट लिहीत. आपल्याकडे ते मराठ्यांचे सरखेल. कोण चाचा आणि कोण आरमारप्रमुख, हे कागद कुणाच्या हातचा यावर ठरतं. पोरांना शब्दाचा अर्थ सांगताना ही बाजूही सांगायला हवी.

जहाजावरचे शब्द, फोनवरचे शब्द

या गोष्टीतून पोरांना इंग्रजीचे कुठले शब्द मिळतात? ‘अँकर’ म्हणजे नांगर, ‘मास्ट’ म्हणजे डोलकाठी, ‘सेल’ म्हणजे शीड, ‘रडर’ म्हणजे सुकाणू, ‘क्रू’ म्हणजे खलाशांचा ताफा, ‘म्युटिनी’ म्हणजे बंड. ‘मरून’ म्हणजे एखाद्याला ओसाड बेटावर एकटं सोडून देणं. बेन गन याला तसंच सोडलेलं असतं. तीन वर्षं एकटा काढून त्याला चीजची स्वप्नं पडतात. ही चीजची गोष्ट ऐकलेलं पोर ‘मरून’ हा शब्द विसरत नाही, आणि वहीत दहा वेळा लिहिलेला विसरतं. ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे चाच्यांनी हातात ठेवलेली काळ्या ठिपक्याची चिठ्ठी, ही तर स्टीव्हन्सनची स्वतःची कल्पना. आज तो शब्द समुद्राबाहेरही फिरतो.

कुणी म्हणेल, नोकरीला लागणाऱ्या पोराला डोलकाठी काय कामाची? तर बघा. फोनवर आपण रोज ‘लॉग-इन’ करतो. जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधून पाण्यात टाकायचा लाकडाचा तुकडा म्हणजे लॉग. त्याची नोंद लॉगबुकात. तिथून शब्द कॉम्प्युटरवर आला. कंपनीत नवा माणूस ‘ऑनबोर्ड’ होतो, म्हणजे जहाजावर चढतो. टीव्हीवरचा ‘अँकर’, विमानाचा ‘पायलट’, दोन्ही मुळात समुद्रावरचे.

आपले शब्दही त्या बाजूला गेलेत. सारंग आणि तांडेल हे दोन शब्द इंग्रजांनी ‘सेरँग’ आणि ‘टिंडल’ म्हणून उचलले. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबांना ते ‘ग्रॅब’ म्हणत आणि गलबतांना ‘गॅलिव्हॅट’. म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून झाली आहे.

या गोष्टीवर कार्टूनही भरपूर निघाली. जपानमध्ये ओसामू देझाकीने १९७८ मध्ये २६ भागांची मालिका केली. कीव्हमध्ये डेव्हिड चेर्कास्कीने १९८८ मध्ये दोन भागांचा धमाल चित्रपट केला. त्यात मध्येच खरी माणसं येऊन दारू-तंबाखूच्या विरोधात गाणी म्हणतात. डिस्नीने २००२ मध्ये ‘ट्रेझर प्लॅनेट’मध्ये जहाज थेट अंतराळात नेलं. त्याआधी १९५० मध्ये डिस्नीने माणसं घेऊन जो चित्रपट काढला, त्यात रॉबर्ट न्यूटन या नटाने सिल्व्हरला इंग्लंडच्या नैऋत्य भागातली ‘र’ घोळवणारी बोली दिली. कार्टूनमधले चाचे आजही तसेच बोलतात.

घरी करून बघण्यासारखं एवढंच: गोष्ट आधी मराठीत सांगा. मग कार्टून इंग्रजीत लावा, खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवून. एका वेळी दहा मिनिटंच. मग पोराला बेटाचा नकाशा काढू द्या, आणि त्यावर नावं त्यालाच इंग्रजीत लिहू द्या. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग त्याने आजीला मराठीत आणि आपल्याला इंग्रजीत सांगायचा. चुकेल. चुकू दे. स्टीव्हन्सनचंही असंच चालायचं: आधी ऐकणं, मग नक्कल, मग स्वतःचं.

सामोआचा गोष्टीवाला

पुढच्या वर्षांत ‘जेकिल अँड हाइड’ आणि ‘किडनॅप्ड’ आली, दोन्ही १८८६ मध्ये. नाव जगभर झालं, प्रकृती मात्र ढासळतच होती. कधी कधी रक्त पडायचं थांबावं म्हणून डॉक्टर बोलायलाही बंदी करत. मे १८८७ मध्ये वडील गेले. त्यानंतर त्याने स्कॉटलंड सोडलं ते कायमचं. १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ‘कास्को’ नावाचं शिडाचं जहाज भाड्याने घेऊन कुटुंब प्रशांत महासागरात शिरलं. चाच्यांची गोष्ट आधी लिहिली आणि प्रशांत महासागराची सफर नंतर केली, असा हा उलटा प्रकार.

शेवटी सामोआत उपोलू बेटावर वैलिमा इथे त्याने जमीन घेऊन घर बांधलं. तिथली हवा मानवली. आणि चाळिशीला आलेला हा जगप्रसिद्ध इंग्रजी लेखक पुन्हा विद्यार्थी झाला. एका मिशनऱ्याकडे सामोअन भाषेचे धडे घेतले. घरातल्या सगळ्यांसमोर त्या भाषेत प्रार्थना व्हायच्या. त्याची ‘बॉटल इम्प’ ही कथा १८९१ मध्ये सामोअन भाषेत छापून आली. घरी येणारे लोक विचारायचे, ती बाटली कुठे ठेवलीय? एवढं मोठं घर बांधलं म्हणजे बाटलीतलं भूत याच्याकडे असणारच! लोकांनी त्याचं नाव ठेवलं तुसितला, म्हणजे गोष्टी सांगणारा, लिहिणारा.

भाषा शिकली तसा तो लोकांच्या बाजूने उभाही राहिला. जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तिघांची सामोआवर ओढाताण चालली होती. त्यावर त्याने १८९२ मध्ये ‘अ फुटनोट टू हिस्टरी’ हे पुस्तक लिहून परक्या अधिकाऱ्यांचे वाभाडे काढले. १८९३ च्या लढाईत मताफा हा सरदार हरला, त्याला बेटाबाहेर पाठवलं, त्याच्या बाजूचे सरदार तुरुंगात पडले. स्टीव्हन्सन त्यांना तुरुंगात भेटायचा, मदत पोचवायचा. सुटून आल्यावर त्या सरदारांनी स्वतः राबून त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. ऑक्टोबर १८९४ मध्ये तो पुरा झाला.

त्यानंतर दोन महिनेही गेले नाहीत. ३ डिसेंबर १८९४. सकाळी तो ‘वीयर ऑफ हर्मिस्टन’ ही कादंबरी सांगून लिहवून घेत होता. हजारो मैलांवर बसून त्यात तो पुन्हा लहानपणीची स्कॉट्स बोली लिहीत होता. संध्याकाळी फॅनीबरोबर जेवणाची तयारी करताना डोक्यात रक्तस्राव होऊन कोसळला आणि रात्री गेला. जन्मभर छातीने छळलं, आणि मरण आलं ते असं.

वैआ डोंगराच्या माथ्यावर पुरावं ही त्याची इच्छा होती. वर जायला वाट नव्हती. सामोअन लोकांनी रातोरात झाडी तोडून वाट केली आणि दुसऱ्या दिवशी शवपेटी खांद्यावरून वर नेली. त्याची कबर अजून तिथेच आहे, समुद्राकडे तोंड करून.